नसलेल्या हातातल्या सुया

माझा उजवा हात कोपराच्या चार बोटं खाली संपतो. तो कसा संपला हे सांगायला फार वेळ लागत नाही. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते, दुपारचे चार वाजले होते. अंगणवाडी सुटल्यावर घरी येऊन मी गोठ्याच्या पडवीत म्हशींसाठी मक्याची वैरण बारीक करत होते. कडबा कुट्टीच्या मशीनच्या रुळांत मक्याचं एक ओलं ताट अडकलं. अशा वेळी मशीन बंद करून ताट मागं ओढायचं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मलाही होतं. मी ते हातानंच पुढं रेटलं. आधी बांगड्या अडकून आत ओढल्या गेल्या.

मशीनचा खटका पाडला तो सासूबाईंनी. त्यांना मी आत्ती म्हणते. त्या काही ओरडल्या नाहीत. डोईवरचा पदर काढून त्यांनी माझा दंड करकचून बांधला, आणि मग शेजारच्यांना हाक दिली. माझे मालक फौजेत, तेव्हा पार उत्तरेला होते. शेजाऱ्यांनीच मला जीपमध्ये घातलं आणि आष्ट्यावरून सांगलीला पोचवलं. आत्ती बरोबर आल्या नाहीत. "म्हशी हायत्या," म्हणाल्या म्हणे. हे मला नंतर कळलं आणि बरेच दिवस मनात सलत राहिलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी आता हात जोडता येणार नाही असं सांगितलं. जे चेचलं होतं ते काढून कोपराखाली व्यवस्थित शिवलं. मी शुद्धीवर आले तेव्हा मला वाटलं, हे लोक खोटं बोलतायत. कारण हात होता. पट्टीच्या पुढं, चादरीवर, जिथं काहीच नव्हतं तिथं माझी मूठ होती. घट्ट मिटलेली. नखं तळव्यात रुतलेली. मी ती उघडायला गेले आणि ती उघडेना.

पुढचं वर्षभर ती उघडली नाही.

ज्यांना हे झालेलं नाही त्यांना समजावणं अवघड आहे. तुम्ही आत्ता मूठ वळा, जितकी घट्ट वळता येईल तितकी, आणि तशीच धरून ठेवा. थोड्या वेळानं बोटं थरथरतात, तळव्यात कळ येते, तुम्ही ती सोडता. मला सोडता येत नव्हती. भाकरी करताना, अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवताना, न्हाताना मूठ वळलेलीच. आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला गल्लीत कुणाची तरी कुट्टी सुरू झाली की ती आणखी आवळायची. आजारी पोराचा हात धरून बसावं तशी मी डाव्या हातानं तो थोटा हात धरून भिंतीला टेकून बसायची. घाम यायचा. आत्ती समोर बसून माझ्याकडं बघायच्या आणि एकदम उठून मागच्या परड्यात निघून जायच्या.

अंगणवाडीतल्या पोरांना मात्र काही वाटायचं नाही. एकदा एका चिमुरडीनं खडू आणून माझ्या उजव्या हातात दिला. म्हणजे जिथं तळवा असायला हवा होता, बरोबर तिथं तिनं तो धरला आणि सोडला. खडू फरशीवर पडून फुटला. ती माझ्याकडं रागानं बघत म्हणाली, "बाई, तुमी धरला न्हाई." मला हसू आलं नाही. खडू पडण्याआधी क्षणभर तो माझ्या मुठीवर आपटल्याचं मला जाणवलं होतं.

सांगलीला शिरांच्या दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. त्यांनी झोप यायची, कळ जायची नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीनं आरशाचा प्रयोग केला. मधे आरसा उभा करायचा, डावा हात त्याच्यापुढं धरायचा, म्हणजे आरशात उजवा हात असल्यासारखा दिसतो. डाव्या हाताची मूठ उघडायची आणि आरशात बघत राहायचं. पुष्कळांना यानं आराम पडतो, असं ती म्हणाली. मी बघत राहिले. आरशातला हात उघडत होता. माझा मिटलेलाच होता. एका मनगटाला दोन हात असल्यासारखं मला वाटायला लागलं. मी आरसा पालथा घातला आणि पुन्हा त्याच्यापुढं बसले नाही.

गावात बायकांनी आपलं निदान केव्हाच करून टाकलं होतं. "हात मिटलेलाच पुरला आसंल. उकरून बोटं सरळ करा, लगीच दुखायचं ऱ्हाईल," असं एकीनं तर आत्तींच्या तोंडावर सांगितलं. आत्तींनी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर मी पहिल्यांदाच विचारलं, "आत्ती, हात कुठं हाय माझा?"

"हाय की बांधाला पुरल्याला. कशाला पायजे तुला?"

"मिटलेला होता का?"

"मला काय ठावं," म्हणून त्या कळशी घेऊन बाहेर गेल्या. घरात पाणी भरलेलं होतं.

त्या व्यायामवाल्या मुलीनंच मला सातारच्या मॅडमचं नाव सांगितलं. सुया टोचून जुनी दुखणी कमी करतात, म्हणाली, रीतसर डॉक्टर आहेत, शिकलेल्या आहेत. "गुण येईलच असं नाही सांगत. पण जाऊन बघा. गोळ्या मात्र बंद करू नका." मला सुयांचं भय नव्हतं. हात मशीनमध्ये दिलेल्या बाईला सुईचं काय भय? मी पेठ नाक्यावर गाडी बदलून साताऱ्याला गेले.

मॅडम साठीच्या, केस बारीक कापलेले, आवाज अगदी हळू. घराच्या मागल्या बाजूला एक खोली, दोन खाटा, मधे पडदा. खिडकीतून अजिंक्याताऱ्याची एक बाजू दिसायची. त्यांनी माझे सगळे कागद वाचले, बाजूला ठेवले आणि जे प्रश्न विचारले ते तोवर मला कुणीच विचारले नव्हते.

"कुठलं बोट जास्त दुखतं?"

"करंगळी."

"अंगठा मुठीच्या आत आहे का बाहेर?"

मी जरा थांबले. "बाहेर. बोटांवर दाबून धरलाय."

"आणि हातात काय आहे?"

"म्हणजे?"

"इतकी घट्ट मूठ रिकामी नसते. काहीतरी धरलं असणार. काय धरलंय?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही मॅडम."

त्यांनी समजावलं ते मला पटलं. डोक्यात आपल्या सगळ्या अंगाचा नकाशा असतो. हात जातो, पण नकाशातला हात तसाच राहतो, आणि शेवटची खबर मिळाली तसाच राहतो. "तो हात तर इथं नाही. मग सुया त्याच्या जोडीदाराला टोचायच्या. कधीकधी निरोप पोचतो, कधी नाही पोचत," त्या म्हणाल्या.

खाटेवर मी उताणी निजले. त्यांनी उजव्या बाजूला उशी ठेवली, तिच्यावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरला आणि माझा थोटा हात त्याच्या कडेला अलगद टेकवला. बाकीचा रुमाल रिकामाच होता. मग त्यांनी डाव्या हातात सुया टोचल्या. केसासारख्या बारीक. एक अंगठ्याच्या बेचक्यात, दोन मनगटाच्या वर, एक कोपरापाशी, दोन कानाच्या पाळीवर. टोचल्याचं फारसं कळतच नव्हतं. मागून मात्र तिथं एक जडपणा यायचा, ओल्या पोत्यासारखा, आणि तो हळूहळू पसरायचा.

मी छताकडं बघत पडले होते आणि एकदम दचकले. उजव्या हाताच्या बेचक्यात सुई टोचली होती.

"हलू नका," मॅडम म्हणाल्या. "डावा हात हलवू नका, आणि... तोही नका हलवू."

त्याही रुमालाकडंच बघत होत्या.

पहिल्या तीन खेपांना एवढंच झालं. येताना कऱ्हाडपर्यंत मूठ जरा ढिली असायची, पेठ नाका आला की पुन्हा आवळायची. मला वाटलं, हे काही खरं नाही. पण मूठ सुटलेले ते तीस-चाळीस मैल फार गोड होते. तेवढ्यासाठी मी चौथ्यांदा गेले.

चौथ्या खेपेचं मी जसं घडलं तसं सांगते. सकाळचे अकरा वाजले असतील. खिडकीत ऊन होतं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. सुया टोचून झाल्या आणि जडपणा पसरला. मी डोळे मिटले. थोड्या वेळानं कुणीतरी माझा उजवा हात हातात घेतला.

मला वाटलं, मॅडम मुठीवरून हात फिरवतायत. मग हात आहेच कुठं, हे आठवलं. मी डोळे उघडले नाहीत. ज्यानं हात धरला होता त्याचे तळवे खरखरीत आणि गार होते. त्यानं माझी करंगळी पकडली आणि हळूच वर उचलली. मग तिच्याशेजारचं बोट. मग मधलं. एकेक बोट सोडवत होतं ते, घाई न करता, झोपलेल्या लेकराच्या मुठीतनं काही काढून घ्यावं तसं. मुठीतून काहीतरी ओढून घेतलं. ओलसर, पानासारखं. तळवा पुसला. वर्षानंतर माझा तळवा उघडा पडला होता आणि त्याला वारा लागत होता.

"मॅडम, तुम्ही हात धरलाय का?"

आवाज लांबून आला, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून. "नाही. मी टेबलापाशी आहे. काय होतंय?"

"कुणीतरी बोटं उघडतंय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या जवळ आल्या, पण मला हात लावला नाही. "दुखतंय का?"

"नाही. आता काहीतरी ठेवतायत हातात. बारीक बारीक. टोचतंय." आणि मग मला ते ओळखू आलं. सगळ्या बायकांना ते ओळखू येतं. "तांदूळ हायत मॅडम. तांदूळ, आणि एक सुपारी."

पुढचं फार झटकन झालं. त्या खरखरीत हातांनी माझी बोटं पुन्हा एकेक करून मिटली. अंगठा वर घेऊन दाबला. मग मुठीवर कापड गुंडाळलं गेलं, एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि गाठ बसली. आणि नेहमीची कळ जागेवर आली.

मी रडत होते. मॅडमनी सुया काढल्या, पाणी दिलं. त्या विचार करून म्हणाल्या, "ओटीचे तांदूळ तुम्ही आयुष्यभर हातात घेतलेत. डोक्यात साठलेलं असतं सगळं. सुयांनी एखादं जुनं वर येऊ शकतं." पण रुमाल उचलताना त्यांनी तो दोन बोटांनी, कडेला धरून उचलला.

घरी पोचले तेव्हा आत्ती शेणी थापत होत्या. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. त्यांच्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत शेणानं भरलेले, तळव्यांना भेगा पडलेले.

"आत्ती, त्या दिवशी मला सांगलीला न्हेल्यावर तुमी काय केलं?"

"काय केलं म्हंजी?"

"हाताचं काय केलं?"

त्या थापतच राहिल्या. मी म्हटलं, "मूठ उघडली व्हती तुमी. करंगळीपासनं. मक्याची पानं काढली."

त्यांचे हात थांबले.

"आनि तांदूळ घातलं," मी म्हणाले.

आत्ती तिथंच मातीत बसल्या. मग म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलं? कुनी नव्हतं गं. गोठ्यात मी एकली व्हते. झाडून सारी जीपमागं पळाली व्हती."

"कुनी न्हाई सांगितलं."

"मशीनच्या खाली पडला व्हता. मका धरल्याला तसाच. बांगड्या फुटून रुतल्याल्या." त्या आता माझ्याकडं बघत नव्हत्या, शेणीकडं बघत बोलत होत्या. "म्हनलं, सवाष्णीचा हात हाय. घरातनं निघालाय, रिकामा कसा धाडायचा? मग ओटी भरली. तांदूळ, सुपारी, हळकुंड. सांडू नगं म्हणून म्याच मूठ आवळली गं. लय घट्ट आवळली. लुगड्याचा काठ फाडून बांधली." आणि मग त्यांनी विचारलं, "तुला दुखलं का तवा?"

त्या वेळी मी जीपमध्ये होते, आष्ट्याच्या पुढं कुठंतरी. बेशुद्ध. मी म्हटलं, "न्हाई आत्ती."

हळकुंड मला जाणवलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण मनाशी धरून ठेवलं. सगळं काही कळलेलं नाही, म्हणजे कदाचित काहीच कळलेलं नसेल, मॅडम म्हणतात तसं असेल. त्या विचाराचा मला आधार वाटायचा.

वर्षभर एका घरात राहून त्यांनी माझी कळ बघितली होती आणि ती आपल्यामुळं आहे असं धरून चालल्या होत्या. त्या उठून का जायच्या ते मला आत्ता कळलं. "उकरू का?" त्यांनी विचारलं. "उद्याच्याला जाती मी. गाठ सोडून येती."

"नगं," मी म्हटलं. "आता काय उरलं आसंल तितं?"

मॅडमना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यावर मला काही म्हणता येणार नाही. पण येत राहा."

मी जात राहिले. पाचव्या-सहाव्या खेपेला काही विशेष झालं नाही. आठव्या खेपेला सुया टोचल्यावर गाठ सुटल्यासारखी वाटली. कुणाचे हात नव्हते या वेळी. कापड आपोआप सैल झालं, करंगळी उचलली गेली, आणि बोटांच्या फटींतून तांदूळ गळायला लागले. थोडे थोडे, बराच वेळ. मी म्हटलं, "मॅडम, सांडतायत." आणि आम्ही दोघींनी एकदमच खाली फरशीकडं बघितलं. फरशी स्वच्छ होती. मॅडमनी तरी वाकून खाटेखाली पाहिलं. मग त्या ओशाळं हसल्या. मीही हसले, पण दोघींचं हसणं लवकर थांबलं.

त्या दिवशी पेठ नाका गेला, आष्टा आलं, घर आलं, मूठ उघडीच राहिली.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. अजून अधूनमधून कळ येते, थंडीत जास्त. गोळ्या अर्ध्यावर आल्यात. दोन-तीन महिन्यांनी एकदा साताऱ्याला जाऊन सुया टोचून घेते. पण नखं तळव्यात रुतत नाहीत, आणि चार वाजता कुट्टी सुरू झाली तर मी चहा टाकते. आमच्या घरची कुट्टी मालकांनी सुट्टीवर आल्याबरोबर भंगारात दिली.

गेल्या हिवाळ्यात आत्तींचे गुडघे फारच धरले. उठता-बसता येईना. सांगलीच्या डॉक्टरांनी झीज आहे म्हणून सांगितलं. एक दिवस त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुझी ती बाई गुडघ्याला टोचती का?"

मी त्यांना घेऊन गेले. एसटीत त्या खिडकीशी बसल्या. कऱ्हाडला विचारलं, "सुया लय दुखत्यात का गं?" मी म्हटलं, "मुंगी चावल्यावानी." मॅडमच्या खोलीत त्यांनी मोठ्या धीरानं लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. आठ सुया गेल्या. मी उशापाशी स्टुलावर बसले होते. मॅडम टेबलापाशी लिहीत होत्या. खोलीत आणखी कुणी नव्हतं.

दहाएक मिनिटांनी आत्ती डोळे मिटूनच म्हणाल्या, "पायथ्याला कोन बसलंय?"

मॅडमचं पेन थांबलं. मी खाटेच्या पायथ्याकडं बघितलं. चादर सरळ होती, तिच्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं.

"कुनी न्हाई आत्ती," मी म्हटलं.

"आसू दे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी निवांत होता. "बसू दे. पाय चेपतंय."

सुया काढेपर्यंत त्या तशाच पडून राहिल्या. मग उठल्या, लुगडं सारखं केलं आणि माझा हात न धरता दाराच्या दोन पायऱ्या उतरल्या. परतताना मी बस स्टँडवर पेढे घेतले, तर म्हणाल्या, "जरा जास्तच घे." कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता त्या दर महिन्याच्या खेपेची वाट बघतात, आणि जायच्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन अंगणात उभ्या असतात.